‘प्युअर तांबं भरतो, ताई’

कोल्हापूरजवळ आमची छोटी खानावळ. रस्सा लाकडाच्या भट्टीवरच शिजतो, आणि भट्टीला वारा द्यायला पाव एचपीचा ब्लोअर. फेब्रुवारीत त्याची मोटर जळाली. पहिल्या खेपेची चूक आमचीच. रात्री निखारे लालभडक असताना पोरगं बटण बंद करायचं आणि ब्लोअर पाइपाला तसाच जोडलेला राहायचा. सगळी धग उलटी मोटरीत. त्यात जाळीवर राख आणि तेलाचा चिकट थर.

मोटरीतली जळकी तार काढून नवी भरणाऱ्या रिवाइंडिंगवाल्यानं १८०० रुपये सांगितले. ‘प्युअर तांबं भरतो, ताई.’ तिसऱ्या दिवशी नवा रंग मारलेली मोटर मिळाली. हातात घेतली तर हलकी वाटली. तसं म्हटलंही. ‘जुना कचरा निघाला की हलकी होतेच.’ पटलं मला!

पण अर्ध्या तासात तिला हात लावला की चटका बसायचा. दीड महिन्यात परत जळाली. ‘भट्टीचं काम, जळणारच.’ हे वाक्य अर्धं खरं असतं, म्हणून तर खपतं. ‘घरच्या माणसासारख्या’ म्हणून या वेळी १२०० घेतले. मे महिन्यात तिसऱ्यांदा धूर.

वैतागून मोटर भंगारवाल्यापुढे टाकली. त्यानं ती उघडली, एक तार ओढून ब्लेडनं खरवडली. वरचं आवरण तांबूस, आत पांढरी चमक. ‘वहिनी, हे अल्युमिनियम हाय.’

अल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहतं, म्हणजे तेवढ्याच जाडीची तार जास्त तापणार. वजन तर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. आणि पहिल्यांदा निघालेलं जुनं तांबं? ते रिवाइंडिंगवाल्यानंच ठेवून घेतलं. मागायचं मला सुचलंही नाही.

जाब विचारायला गेले तर म्हणाला, ‘बिलावर तांबं कुठं लिहिलंय?’ खरंच, नुसतं ‘मोटर दुरुस्ती’ एवढंच.

आता दुसऱ्याकडे भरून घेतली. मोटर देताना आणि घेताना खानावळीच्या काट्यावर वजन केलं, वार्निश मारायच्या आधी जाऊन तारेचं टोक खरवडून बघितलं, बिलावर ‘तांब्याचं वाइंडिंग’ लिहून घेतलं, जुनी तार पिशवीत घालून आणली. दर सोमवारी पंखा आणि जाळी ब्रशनं साफ होते. बटण बंद केलं की पोरगं आधी ब्लोअर पाइपातून ओढून बाजूला ठेवतं.

तो रिवाइंडिंगवाला अजून रविवारी रश्श्याचं पार्सल न्यायला येतो. त्याच्याकडून पैसे मी आधी घेते.