पिवळं पाणी आणि आईचे २३ दिवस

गेल्या आठवड्यात गावाकडच्या एका वहिनींचा फोन आला. "तुमच्या आईला कावीळ झाली तेव्हा कुठं नेलं होतं हो? ते माळवाले महाराज. नंबर असला तर द्या, सुनेचे डोळे पिवळे झालेत." सुनेला आठवा महिना. मी नंबर दिला नाही, आधी रक्त तपासा म्हणाले. पण का, ते नीट सांगता आलं नाही. घसा दाटून आला. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

आई माळकरी, वय ६१. मागच्या वर्षी आषाढीची वारी करून आली आणि आठ दिवसांत डोळे हळदीसारखे दिसायला लागले. वारीत पाणी बाधलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला जो पिवळा घटक वाढला की कावीळ दिसते तो, ९.४. तो साधारण १.२ च्या आत असावा लागतो. त्यांनी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली आणि "उद्याच करून घ्या" म्हणाले. ती चिठ्ठी २३ दिवस फ्रीजवर पडून होती.

कारण संध्याकाळी मामा आला. "काविळीला डॉक्टरकडं औषधच नसतं, ती उतरवावी लागते. मला झाली होती तेव्हा तीन खेपांत उतरली." मामा खोटं बोलत नव्हता. त्याची कावीळ खरंच तीन आठवड्यांत गेली होती. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, शरीरच तिला निपटतं. त्या काळात जो कोणी माळ घालतो, त्याच्या नावावर ती जमा होते. मामाच्या अनुभवातून असेच तीसएक लोक त्या माणसाकडे गेले असतील.

तो माणूस दोन तालुके ओलांडून, एका देवळाशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. गुरुवारी आणि रविवारी रांग लागायची. "मी पैसे घेत नाही, देवापुढं काय ठेवायचं ते ठेवा," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य असं: "सुई टोचायची नाही, गोळी घ्यायची नाही. सुई टोचली की माळेतली शक्ती जाते. मग माझी जबाबदारी नाही." त्या दुसऱ्या वाक्यालाच आम्ही उठून यायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला मी पुण्याहून सोबत गेले होते. त्याच्या माणसानं आईच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत "तीर्थ" चोळलं. मग महाराजांनी पितळी परातीत पांढुरकं पाणी ओतलं, मंत्र म्हणत तिचे हात धुतले, आणि परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. रांगेतल्या बायकांनी हात जोडले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलेली बाई. रंग बदलला म्हणजे दोन पदार्थ एकत्र आले, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तरी मी गप्प उभी राहिले. समोर देवाचा फोटो होता, आईचा चेहरा उजळला होता, आणि त्या क्षणी शंका घेणं म्हणजे तिच्या विठ्ठलावर शंका घेणं असं मला वाटलं.

मग माळ. हिरव्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोऱ्यात गुंफलेले. ती डोक्यावर मुकुटासारखी ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ वाढत जाईल, गळ्यात येईल, मग छातीवर, मग पोटावर. आणि ती खरोखरच वाढली. रोज सकाळी दादा मला फोटो पाठवायचा. आठव्या दिवशी माळ बेंबीपर्यंत आली तेव्हा घरात पेढे वाटले.

त्याच दिवसांत आईचं शरीर काय सांगत होतं, ते आता आठवलं की झोप लागत नाही. अंगाला इतकी खाज सुटली की रात्री ती पाठ भिंतीला घासायची. महाराज म्हणाले, कावीळ कातडीवाटे बाहेर पडतेय. शौचाला मातकट पांढरं व्हायला लागलं. महाराज म्हणाले, पोट धुऊन निघतंय. लघवी चहासारखी काळसर. महाराज म्हणाले, ही शेवटची घाण. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं की ही तिन्ही लक्षणं एकच गोष्ट सांगतात: पित्ताची वाट अडली आहे. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून शौचाचा रंग जातो, ते रक्तात साठतं म्हणून खाज सुटते आणि लघवी काळी होते. धोक्याच्या एकेका खुणेला तो बरं होण्याची खूण म्हणत होता आणि आम्ही माना डोलावत होतो.

त्याचं पथ्यही आम्हाला पटलं होतं. तेल नाही, तूप नाही, नुसती भाकरी आणि ताक. आईची उजव्या कुशीतली कळ त्यानं कमी झाली. ती का कमी झाली तेही नंतर कळलं: स्निग्ध खाल्लं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि खडे असले तर कळ येते. तेल बंद झालं, कळ थांबली, खडा मात्र जागच्या जागी.

पैशांचं सांगायचं तर पहिल्या खेपेला १०१ रुपये. मग अभिषेकाचे ५,१००. मग "ही साधी कावीळ नाही, घरातली बाधा आहे" म्हणून ११,०००. मग पुड्या, मग अन्नदान. दादानं हिशोब मांडला तेव्हा ३८,६०० झाले. एकाही रकमेची पावती नाही.

तेविसाव्या दिवशी रात्री दोन वाजता आईला हुडहुडी भरली. चार गोधड्या घालूनही दात वाजत होते. मग ती बरळायला लागली. दादानं महाराजांना फोन लावला, "ती मला ओळखत नाही हो." पलीकडून उत्तर आलं, "घरात कुणाची तरी श्रद्धा कमी पडली. एक खेप राहिलीय, आता दवाखान्यात नेलं तर मी जबाबदार नाही." दादानं फोन ठेवला आणि गाडी काढली.

सोलापूरला पोचेपर्यंत रक्तदाब घसरला होता. पित्तनलिकेत अडकलेला खडा, त्यामागं पू, आणि तो संसर्ग रक्तात पसरलेला. बिलिरुबिन १९. त्याच दिवशी तोंडातून दुर्बीण घालून पित्ताला वाट करून दिली, स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला, खडा पुढं काढला. मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यानं तीनदा डायलिसिस करावं लागलं. १७ दिवस. आई वाचली. डॉक्टरांनी फ्रीजवरची ती चिठ्ठी पाहिली आणि इतकंच म्हणाले, पित्ताशयातले खडे आणि फुगलेली नळी तेव्हाच दिसली असती.

आयसीयूत शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा गळा चाचपला. दुर्बिणीच्या वेळी तिची तुळशीची माळ काढली होती. सिस्टरनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी बांधून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, "जवळ राहू द्या. त्यांना बळ येतंय." त्यांनी माळ हवी की उपचार, असं कधी विचारलं नाही. आई पडल्या पडल्या नामस्मरण करायची आणि सलाईन चालू असायचं.

घरी आल्यावर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे एक कार्यकर्ते, पेशानं शिक्षक, आमच्याकडे आले. त्यांनी माझ्याच हातांना आंब्याच्या सालीचा रस लावला आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला सांगितले. पाणी पिवळं झालं. मला कावीळ नव्हती. मामा पाहत होता. त्यानं स्वतः हात पुढं केले, पुन्हा पिवळं. माळेचंही तसंच: ओल्या काड्या खास गाठीत आवळलेल्या असतात, वाळल्या की आक्रसतात, गाठी सैल होतात, दोरा लांबतो. भिंतीवरच्या खिळ्याला टांगली तरी वाढते. मामा उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

तक्रार करायची ठरली तेव्हा घरात भीती होती की हे देवाविरुद्ध होईल. तसं ते नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. वारी, भजन, कीर्तन, प्रदक्षिणा यांना तो हात लावत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. चमत्कार दाखवून पैसे उकळणं हा मात्र गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं तर त्यात नाव घेऊन नोंदवलंय. शिवाय मंत्र, ताईत, कवच यांनी रोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ पासून केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे, आणि त्या शेडवर मोठा फलक होता. आम्ही तक्रार दिली. पहिला प्रश्न "पुरावा काय?" हाच आला. दादाचे माळेचे फोटो, फोनवरची नोंद आणि ती चिठ्ठी, एवढंच आमच्याकडे होतं. फलकाचा फोटो नाही, परातीचा व्हिडिओ नाही. तुम्ही कुणाला घेऊन अशा ठिकाणी गेलाच असाल तर एवढं तरी जपून ठेवा. चौकशी चालू आहे.

वहिनींना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. या वेळी सगळं सांगितलं. गरोदरपणातली कावीळ वेगळी असते, हे मीही आईच्या आजारानंतरच वाचलं होतं. ती हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची कावीळ, असली तर शेवटच्या तिमाहीत १०० पैकी २० ते २५ जणी दगावू शकतात. तिथे तीन आठवडे माळ वाढायची वाट बघता येत नाही. वहिनी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण ह्यांनी नारळ बोललाय देवाला." मी म्हणाले, "नारळ फोडा. पण तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन मग फोडा."

परवा रिपोर्ट आला, हिपॅटायटिस ई. तिला भरती केलंय, रोज रक्त तपासतायत. आईनं तिच्यासाठी विष्णुसहस्रनाम धरलंय, आणि रोज संध्याकाळी मला फोन करून विचारते, "आज बिलिरुबिन किती आलं गं पोरीचं?"