होल्योक की लेव्ह ग्लीसन: आधी कोणाचे अंक घ्यावेत?

युद्धकाळातला एखादा छोटा अमेरिकन कॉमिक प्रकाशक मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर या दोघांपैकी एक निवडा. दोघांचेही अंक तेव्हा 10 सेंटचे, दोघांचाही कागद हलका न्यूजप्रिंट. धंद्याची रीत मात्र अगदी वेगळी.

होल्योक हे मॅसॅच्युसेट्समधले मुळात छपाईवाले. 1942 मध्ये कॉमिक प्रकाशक व्हिक्टर फॉक्सचं दिवाळं वाजलं आणि थकलेल्या बिलापोटी त्याचा सुपरहिरो ‘ब्लू बीटल’ छापखान्याच्या पदरात पडला. म्हणून त्याचे अंक 12 ते 30 होल्योकचे, 31 पासून पुन्हा फॉक्सचे. ‘कॅट-मॅन’ही असाच छपाईच्या ग्राहकाकडून आलेला. चित्रकार एल. बी. कोलची भडक मुखपृष्ठं बघून तो घ्यायला जाल, तर ती शेवटच्या अंकांवरची आहेत. तोवर कॅट-मॅन होल्योककडे राहिला नव्हता. मुखपृष्ठावरच्या आकड्यावर विसंबू नका. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला किंवा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात प्रकाशक, महिना, खंड आणि अंक छापलेला असतो, तो वाचा. कथा? बहुतेक रटाळ. कर्ज, छपाई आणि हक्क यांची गुंतागुंत पाहायची असेल तरच होल्योक.

वाचायला ग्लीसन कितीतरी सरस. संपादक चार्ल्स बायरो आणि बॉब वुड. त्यांचा ‘डेअरडेव्हिल’ (मार्व्हलचा नव्हे) जुलै 1941 मध्ये पहिल्याच अंकात थेट हिटलरशी भिडतो. अंक 13 पासून चार पोरांची टोळी येते, आणि 15 मध्ये त्यातला मीटबॉल चक्क मरतो. त्या काळच्या मुलांच्या कॉमिकमध्ये हे धाडसच होतं. खोट एकच: संवादाच्या फुग्यांत मजकूर ठासून भरलेला.

इथेही क्रमांक फसवतात. नव्या मासिकाचा टपाल परवाना काढायचा खर्च टाळायला जुन्याच क्रमांकावर नवं नाव चढवत. ‘सिल्व्हर स्ट्रीक’ 21 वर थांबलं, ‘क्राइम डझ नॉट पे’ 22 पासून सुरू झालं. ‘बॉय कॉमिक्स’चा पहिला अंक 3. ‘क्राइम’ आणि ‘बॉय’चे 1 क्रमांकाचे अंक शोधत बसू नका.

सुरुवात स्कॅनवरच करा. कॉपीराइटचं नूतनीकरण न झाल्यामुळे यातलं बरंच डिजिटल कॉमिक म्युझियम या संकेतस्थळावर फुकट मिळतं. फाइलच्या नावात ‘फिश’ (fiche) असेल तर ती मायक्रोफिशवरून, म्हणजे पानांचे सूक्ष्म फोटो असलेल्या फिल्मवरून घेतलेली, सहसा कमी स्पष्ट. शक्यतो कागदावरून केलेला स्कॅन घ्या.

मूळ अंक महाग आणि नाजूक. कागदातल्या आम्लामुळे पानं तपकिरी होऊन कडांना तुटतात, गंजलेल्या पिनांतून मधलं पान सुटतं. कॉमिकची प्रत तपासून दर्जा ठरवणाऱ्या सीजीसी कंपनीचं जांभळं लेबल म्हणजे डागडुजी केलेला अंक, त्याला साध्या लेबलाचा भाव देऊ नका. पैसे देण्याआधी मधल्या पानाचा फोटो मागा आणि पानं मोजून घ्या. कागदाच्या रेशनिंगमुळे 64 पानांचे अंक पुढे पातळ होत गेले, त्यामुळे पानं कमी भरली म्हणजे फाटलीच असं नाही. त्या अंकाची पानसंख्या ग्रँड कॉमिक्स डेटाबेसवर बघा, मग घासाघीस करा.