बर्कलीचं को-ऑप घर: एक वर्ष राहिले, ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी सविस्तर

कॅलिफोर्नियातल्या बर्कली युनिव्हर्सिटीत अॅडमिशन मिळालेल्या मुलामुलींचे दर उन्हाळ्यात मेसेज येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, राहायचं कुठे. प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

मी पहिले सहा महिने प्रायव्हेट फ्लॅटमध्ये होते. चौघी मिळून भाडं भरायचो, हीटर धड चालायचा नाही, आणि सोडताना मालकाने डिपॉझिटमधले निम्मे पैसे कापून घेतले, कशाचे ते आजतागायत कळलं नाही. तेव्हा लॅबमधली एक मुलगी म्हणाली को-ऑपमध्ये ये. मी आधी ऐकलंही नव्हतं.

हे को-ऑप म्हणजे बर्कली स्टुडंट कोऑपरेटिव्ह, विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली घरांची सहकारी संस्था. युनिव्हर्सिटीची नाही, कुठल्या बिल्डरची नाही. १९३३ साली, मंदी ऐन भरात असताना, हॅरी किंगमन म्हणून तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे एक गृहस्थ होते त्यांनी पुढाकार घेतला आणि १४ मुलांनी एकत्र राहून, एकत्र स्वयंपाक करून खर्च भागवायला सुरुवात केली. आज बाराशेच्या वर मुलं राहतात, १७ मोठी घरं आणि ३ अपार्टमेंटवाली ठिकाणं आहेत. अपार्टमेंटवाल्या दोन ठिकाणांची नावं रॉचडेल आणि फेनविक वीव्हर्स. रॉचडेल म्हणजे १८४४ साली ज्या विणकरांनी इंग्लंडमध्ये सभासदांचं दुकान काढलं ते गाव, आणि फेनविकचे विणकर त्यांच्याही आधीचे, स्कॉटलंडमधले. हे मला कळलं तेव्हा खरंच भारी वाटलं, कारण आमचं घर उसाचं, बाबा सहकारी साखर कारखान्याचे सभासद, प्रवरानगर, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ ही नावं जेवताना कानावर पडलेली. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, निवडणूक होते का? होते ना. हाउस मॅनेजर, किचन मॅनेजर, वर्कशिफ्ट मॅनेजर सगळे घरातल्यांनी मतदानाने निवडलेले, आणि वरच्या बोर्डावर पण प्रत्येक घरातून माणूस जातो. बाबा म्हणाले मग बघ, सभेला जात जा, सभेला न जाणाऱ्या सभासदाचं कोणी ऐकत नाही. मी गेले. रात्री नऊला बसलेली सभा साडेअकराला उठली, नवीन फ्रीज घ्यायचा की आधीचा रिपेअर करायचा यावर, पण दुसऱ्या दिवशी मला त्या फ्रीजची किंमत पाठ होती आणि त्याचं दार नीट लावायची सवय पण लागली.

आता मुख्य गोष्ट, वर्कशिफ्ट. मोठ्या घरांमध्ये आठवड्याला ५ तास घरासाठी काम करायचं, प्रत्येकाने, तुम्ही पीएचडीचे असा नाहीतर पहिल्या वर्षाचे. भांडी, बाथरूम, कचरा, भाजी चिरणं, स्वयंपाक, जे वाटणीला येईल ते. म्हणूनच भाडं डॉर्मपेक्षा, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलपेक्षा, बरंच कमी पडतं आणि त्यात जेवण पण धरलेलं असतं. तास बुडवले तर दंड. मी मिडटर्मच्या आठवड्यात एक शिफ्ट विसरले, कोणाला बदली पण सांगितलं नाही, आणि त्या रात्री माझ्या वाटणीची भांडी दुसऱ्या मुलीने घासली. तिने मला एक शब्द बोलून दाखवला नाही पण मला झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी तिची शिफ्ट मी केली. आपल्या घरी आई उष्टी भांडी उचलते आणि आपण ते बघतही नाही, तो हिशोब मला इथे पहिल्यांदा कळला. आईला तसं फोन करून सांगितलं पण.

मी व्हेजिटेरियन घर निवडलं, लोथलोरियन नाव आहे, साधारण पन्नासपंचावन्न माणसं. शाकाहारी मुलांसाठी याच्यासारखी दुसरी सोय मला तरी बर्कलीत दिसली नाही, मांस घरात शिजतच नाही त्यामुळे ‘हा चमचा कशाला लावला होता’ असलं काही विचारायला लागत नाही. किचन रात्रीबेरात्री पण उघडं, डाळी, तांदूळ, ओट्स, भाज्या सगळं मोठ्या प्रमाणात आणलेलं, भूक लागली की जा आणि करून खा.

माझी आवडती शिफ्ट रविवारची, स्वयंपाकाची. तिघांनी मिळून पन्नास जणांचं करायचं. एकदा ठरवलं आमटी-भात करायचा. किचन मॅनेजरला आधीच सांगून ठेवलं, तूरडाळ आणि कोकम युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूवरच्या इंडियन दुकानातून आलं, गोडा मसाला माझ्या डब्यातला. ते पातेलं एवढं मोठं की डाळ घोटायला मला स्टुलावर उभं राहायला लागलं. फोडणीसाठी वेगळा पॅन घेतला, तेल तापलं, मोहरी टाकली आणि ती तडतडायला लागल्याबरोबर माझ्यासोबत शिफ्टला असलेला मुलगा दोन पावलं मागे सरकला, त्याला वाटलं काहीतरी बिघडलं. मग हिंग, मग कढीपत्ता, आणि तो वास हॉलपर्यंत गेला तशी वरच्या मजल्यावरची मुलं एकेक करून खाली येऊन विचारायला लागली की जेवण किती वाजता आहे. गूळ घालताना सगळे बघत होते, डाळीत गूळ कशाला. पातेलं तळापर्यंत संपलं. दुसऱ्या आठवड्यात वर्कशिफ्टच्या बोर्डावर माझ्या नावापुढे कोणीतरी पेनाने ‘डाल पर्सन’ लिहून ठेवलं होतं, वर्षभर तेच नाव राहिलं.

कोणाला जमणार नाही ते पण स्पष्ट सांगते. ज्याला संपूर्ण शांतता लागते, एकट्याचं बाथरूम लागतं, त्याने इथे येऊ नये. खोल्या सीनियॉरिटीने मिळतात, जितकी टर्म राहिलात तितका तुमचा नंबर वर, म्हणजे नवीन माणसाला सुरुवातीला बहुतेक शेअरिंगच. अभ्यास मी लायब्ररीतच करायचे. मास्टर्स-पीएचडीवाल्यांना जरा वयाने मोठी संगत हवी असेल तर हिलेगास पार्कर हाउस बघा, ते ग्रॅड आणि थोड्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. मुलींच्या आईवडिलांना काळजी वाटत असेल तर हॉइट आणि शर्मन ही घरं बायकांसाठी आहेत. क्लॉइन कोर्ट नावाची १९०४ सालची जुनी लाकडी इमारत आहे, पूर्वी हॉटेल होतं, तिथे शंभरच्या खूप वर मुलं राहतात आणि २०१४ साली तिथे दारू-सिगरेट काहीच नाही असा नियम आला. त्याच्या अंगणात एकदा तरी जाऊन बसा, दुपारी ऊन छान येतं.

अर्ज अॅडमिशनचं पक्कं झाल्या दिवशीच टाका, थांबू नका, वेटिंग असतं. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना प्राधान्य आहे, त्यामुळे फॉर्ममध्ये आपली परिस्थिती आहे तशी लिहायला अजिबात लाजू नका. शेतकऱ्याची मुलगी आहे, शिक्षणासाठी कर्ज काढलंय, हे मी स्वच्छ लिहिलं होतं.

माझ्याकडून ५ पैकी ५. मला विचाराल तर त्या वर्षात मी बर्कलीत राहिले असं मला वाटतं, त्याआधी नुसती भाडं भरत होते.

आणि येताना गोडा मसाला किमान अर्धा किलो आणा. मी पाव किलोचा डबा आणला होता, तो तीन रविवारात संपला आणि मग आईला पार्सल करायला लागलं.