स्पाइक गार्डचा हिरवा दिवा: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधीच्या गडगडाटात, संगमेश्वरजवळच्या आमच्या घरातला राउटर आणि सेट टॉप बॉक्स एकाच रात्री गेले. दुसऱ्याच दिवशी मी चार सॉकेटचा स्पाइक गार्ड, म्हणजे विजेचा दाब अचानक उसळला तर उपकरणे वाचवणारा बोर्ड, १,१५० रुपयांना आणला. साध्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजताना हात आखडला होता, म्हणूनच त्याचा हिशेब नीट मांडावासा वाटतो.

पहिले चार महिने तक्रारीला जागा नव्हती. एकदा पाहुण्यांनी त्यावर इस्त्री आणि पाण्याची किटली एकदम लावली, तेव्हा ओव्हरलोडचे बटण टक्कन बाहेर आले आणि थोड्या वेळाने दाबल्यावर सगळे पूर्ववत झाले. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात वीज अगदी जवळ कडाडली. टीव्ही आणि राउटर सुरूच राहिल्यामुळे मी निर्धास्त झाले. नऊ दिवसांनी टेबलामागची जळमटे काढताना लक्षात आले, की 'प्रोटेक्टेड' लिहिलेला हिरवा दिवा विझलेला आहे.

माझा मुख्य आक्षेप या दिव्याबद्दल आहे. गार्डच्या आत एमओव्ही नावाच्या नाण्यासारख्या चकत्या असतात. २३० व्होल्टला त्या स्वस्थ असतात. दाब एकदम चढला, की त्यांचा रोध क्षणात कोसळतो आणि जादा प्रवाह उपकरणाऐवजी त्यांच्यातून निघून जातो. प्रत्येक दणक्याने चकती थोडी झिजते आणि मोठ्या दणक्याने निकामी होते. त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, ते तिचे कामच आहे. परंतु चकती गेल्यावरही सॉकेटमधला पुरवठा चालूच राहतो, आणि ही गोष्ट सांगणारा एकमेव दिवा मोहरीएवढा असून पहिल्या सॉकेटला इतका खेटून बसवला आहे, की राउटरचा अडॅप्टर लावताच तो झाकला जातो. नऊ दिवस आम्ही साध्या बोर्डावर टीव्ही पाहत होतो आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

सेवा केंद्राने 'आकाशातील विजेमुळे झालेले नुकसान वॉरंटीत येत नाही' असे सांगून परत पाठवले. त्या संतापात मी या वस्तूला पाचपैकी एकच तारा द्यायचे ठरवले होते.

मत बदलले ते आमच्या वायरमनकाकांमुळे. त्यांनी होल्डरमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी फेज आणि न्यूट्रलला टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलची वायर काढून अर्थिंगच्या भोकात घातली, तर बल्बची तार लालसुद्धा झाली नाही. "ताई, तुमच्या घराला अर्थिंगच नाहीये. तीन चकत्यांपैकी दोन अर्थिंगच्या भरवशावर असतात, त्या काय करणार?" असे ते म्हणाले. अंगणातल्या खड्ड्यात क्लॅम्पपाशी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार गंजून तुटलेली निघाली, शिवाय आमची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडते. नवा पाइप, कोळसा, मीठ आणि मजुरी धरून ३,२०० रुपये गेले, म्हणजे गार्डच्या किमतीच्या जवळजवळ तिप्पट. पण त्यानंतर तोच बल्ब अर्थिंगवरही तितकाच लख्ख पेटला. बिनअर्थिंगच्या घरात एकट्या फेज-न्यूट्रलच्या चकतीने दणका अंगावर घेऊन टीव्ही वाचवला, याचे श्रेय मला गार्डला द्यावेच लागते.

त्याच्या आवाक्याबाहेरचे मात्र त्याच्याकडून मागू नये. खांबावर न्यूट्रल तुटला, तर घरात ४०० व्होल्टच्या आसपास दाब मिनिटेच्या मिनिटे राहू शकतो, आणि ही चकती तर सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यांत संपणाऱ्या दणक्यासाठी बनवलेली असते. म्हणून फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर आहे. गडगडाट सुरू झाला, की मी प्लग काढते आणि डिशची केबलही सोडवते, कारण त्या वाटेवर गार्डचा पहारा नसतो.

माझे साडेतीन तारे. उरलेले दीड निव्वळ त्या दिव्यापायी कापले आहेत. या मे महिन्यात दुसऱ्या कंपनीचा, चकती निकामी होताच पुरवठा तोडणारा गार्ड १,४५० रुपयांना घेतला. पैसे देण्याआधी राउटरचा अडॅप्टर पिशवीतून काढून दुकानातच पहिल्या सॉकेटला लावला, चार पावले मागे सरकले आणि दिवा तिथूनही दिसतो याची खात्री करून घेतली.