सेकंडहँड डिस्टॉर्शन पेडल घेताना माझे ४,४२० रुपये गेले

५०० टोकन, ३,७०० उरलेले आणि २२० कुरियरचे. हा हिशोब मी गेल्या महिन्याभरात इतक्या टेबलांसमोर मांडलाय की आता पाठ झालाय. सगळे म्हणतात, चार हजारांचं एवढं काय, सोडून दे. दर पगाराला हजार बाजूला टाकून चार महिन्यांत जमवलेले पैसे होते ते. मी का सोडू?

रविवारी आम्ही चौघं मित्राच्या गॅरेजमध्ये वाजवतो. माझा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) दहा वॉटचा आहे, त्याचा स्वतःचा गेन, म्हणजे आवाज फाडायचं बटण, वाढवला की माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो. म्हणून डिस्टॉर्शन पेडल हवं होतं, म्हणजे गिटार आणि स्पीकरच्या मध्ये लावायची, पायाने दाबली की आवाज रॉकसारखा फाडणारी छोटी पेटी. बजेट चार हजार, फार तर दोन-चारशे वर. दुकानदाराने त्या पैशांत चिनी बनावटीचे छोटे नवे पेडल दाखवले, वाजवूनही दाखवले. वाईट नव्हते. माझ्या डोक्यात मात्र बॉस कंपनीचा केशरी डीएस-१ पेडल बसला होता. आमच्या बँडमधल्या दादाकडे आहे, त्यावर मी कितीदा तरी वाजवलंय. नवा माझ्या बजेटच्या बाहेर, म्हणून सेकंडहँड शोधत होतो.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'डीएस-१, जपान, ८०च्या दशकातला, ४,२०० फिक्स'. लोक मला विचारतात, तुला शंका कशी आली नाही? डीएस-१ काही दुर्मिळ वस्तू नाही. तो १९७८ मध्ये आला आणि आजही बनतो, जगभर पडून आहेत. वापरलेला चार हजारांत मिळणं अजिबात अशक्य नाही. विकणारा दोन हजार म्हणाला असता तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं. किंमत त्याने बरोबर तिथे ठेवली होती जिथे माणूस स्वतःला हुशार समजतो. जपानी जुन्याला शौकीन लोक जास्त पैसे मोजतात हे मला माहीत होतं. तरी वाटलं, याला माहीत नसेल.

माणूस डोंबिवलीचा, असं तो म्हणाला. मी चिंचवडला. येऊन बघतो म्हटलं तर म्हणे आठवडाभर गावी आहे, पेडल मित्राकडून कुरियर करायला लावतो. अशा बोलण्याचा अर्थ तुम्हा सगळ्यांना कळतो, मलाही कळतो. मी म्हटलं, आधी वाजवून व्हिडिओ पाठवा. त्याने तासाभरात पाठवला. वर म्हणाला, "दादा, मी स्वतः वाजवतो. कलाकार कलाकाराला फसवेल का?"

हा बावीस सेकंदांचा व्हिडिओ मी त्या रात्री चार वेळा पाहिला. निळ्या टॉवेलवर ठेवलेला केशरी पेडल, बाजूला गिटारचा दांडा दिसतोय. पाय येतो, पेडल दाबतो, लाल दिवा लागतो, आवाज फाटतो. छान, भरलेला आवाज. आणि गिटारची लीड, म्हणजे वायर, पेडलच्या डाव्या बाजूला लावलेली.

ज्यांनी बॉसचा पेडल वापरलाय त्यांच्या आत्ताच लक्षात आलं असेल. आपण समोरून बघतो तेव्हा इनपुट उजवीकडे असतं आणि आउटपुट डावीकडे. गिटार उजव्या जॅकमध्ये लावायची, डाव्या जॅकमधून अ‍ॅम्पला न्यायचं. उलटं लावलं तर फाटका आवाज सोडाच, काहीच ऐकू येत नाही. हे मला सांगायला कुणी नको. दादाच्या पेडलला मी अंधारातसुद्धा बरोबर लीड लावतो. आणि मला ते दिसलं होतं. पहिल्याच वेळी दिसलं. मी काय केलं? स्वतःच्या मनाला सांगितलं, सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय, डावं-उजवं उलटं झालंय. पण मग पेडलवरची अक्षरंही उलटी दिसायला हवी होती! ती सरळ होती. 'डिस्टॉर्शन' हा शब्द सरळ वाचता येत होता. टोन, लेव्हल, डिस्ट (डिस्टॉर्शन किती ते) ही तिन्ही बटणं डावीकडून उजवीकडे बरोबर क्रमाने होती. म्हणजे आवाज दुसऱ्याच कुठल्या रेकॉर्डिंगचा चिकटवला होता. मी दिवसभर कंपनीत पॅनेल उघडून फॉल्ट शोधतो, वायर कुठून कुठे गेलीय हे बघण्याचाच मला पगार मिळतो. तरी त्या रात्री मी डोळ्यांना गप्प केलं, कारण मला तो पेडल हवा होता. पैशांपेक्षा हीच गोष्ट मला अजून टोचते.

तो म्हणाला, अजून दोघं मागतायत, ५०० टाका, जाहिरात काढतो. टाकले. खात्यावर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे बहिणीचं खातं आहे. खात्यावर वेगळं नाव दिसलं की तिथेच थांबा, बहीण असो नाहीतर आई. दुसऱ्या दिवशी कुरियरच्या पावतीचा फोटो आला आणि मी उरलेले ३,७०० आणि २२० पाठवले. पावती खरी होती. पार्सलही खरंच आलं, चौथ्या दिवशी, शुक्रवारी.

लीड लावली, दिवा लागला, आवाज आला. तळणात पाणी पडावं तसा चरचर आवाज. डिस्टचं बटण अर्ध्यापुढे फिरवलं तरी काही फरक नाही. मागचे चार स्क्रू काढले. आत बोर्ड पेटीच्या निम्म्या आकाराचा, त्यावर तांदळाच्या कणीएवढे भाग, आणि वजन वाटावं म्हणून गरम गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. ऐंशीच्या दशकातल्या डीएस-१ मध्ये पायवाले रेझिस्टर असतात आणि तोशिबाची टीए७१३६, एका रांगेत पाय असलेली चिप. इथे त्यातलं काहीही नव्हतं. तळाचं 'मेड इन जपान' स्टिकर नखाने निघालं. कोणता अडॅप्टर लावायचा तिथे त्या स्टिकरवर पीएसए हा प्रकार लिहिला होता. त्या काळच्या बॉसच्या पेडलांवर एसीए लिहिलेलं असतं, पीएसए नंतर आलं. तळाचा फोटो मी आधीच मागितला असता तर घरबसल्या कळलं असतं. तुम्ही मागा. झाकण उघडलेला फोटोही मागा. खरा विकणारा चार स्क्रू काढायला कंटाळत नाही.

फोन केला तर म्हणाला, परत पाठवा, पैसे देतो, हा कोड स्कॅन करा म्हणजे रिफंड येईल. तिथे मात्र मी थांबलो. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही एवढं मला कळतं. मी अडाणी नाही, हे लिहिणं भाग आहे, कारण पुढे ज्यांच्याकडे गेलो त्या प्रत्येकाने मला अडाण्यासारखं वागवलं.

आधी माझी चूक सांगतो. शुक्रवारी रात्री फोन करायला हवा होता, मी लाजेने शनिवार घालवला. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, रविवारी फोन केला. तुम्ही तासाभरात करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते थांबवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत पैसे देऊनच पाच दिवस झाले होते.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावरचे साहेब म्हणाले, "वस्तू मिळाली ना हातात? मग फसवणूक कसली?" मी पेडल उघडून दाखवला. म्हणाले, वाजतो तर खरं. मी म्हटलं, साहेब, सोनं म्हणून पितळ विकलं तर ते फसवणूक नाही का? तर म्हणे ही दिवाणी बाब आहे, वकील बघा. चार हजारांसाठी वकील! दुसऱ्या खेपेला दुसरे साहेब होते. ते म्हणाले, माणूस डोंबिवलीचा ना, मग तिकडे जा. खोटं सांगून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती जवळच्या ठाण्यात देता येते. हे मी कागदावर लिहून नेलं होतं. कागद न वाचताच परत दिला. म्हणाले, आम्हाला कायदा शिकवू नका. तिसऱ्या खेपेला अर्ज लिहून नेला, चार प्रती, सोबत व्हिडिओची पेनड्राइव्ह. दोन तास बाकावर बसवलं, मग कळलं साहेब बंदोबस्ताला गेलेत. बाहेर पडताना एक शिपाई म्हणाला, गिटारचं खेळणं ना, नवं घ्यायचं की. खेळणं! तीन अर्ध्या रजांचा पगार कापला गेला तो वेगळाच. अर्जावर पोचेचा शिक्का मात्र मी घेतल्याशिवाय हललो नाही. तुम्हीही हलू नका, शिक्क्याशिवाय तुमचा अर्ज कुणाला आठवतही नाही.

बँकेत सांगितलं, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. माझ्या संमतीनेच झालाय, फसलेल्या माणसाची संमती असते म्हणूनच तो फसतो ना? फॉर्म भरून घेतला आणि चौथ्या दिवशी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. जिथे जाहिरात होती त्यांच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

सेकंडहँड घ्यायचाच असेल तर समोर जाऊन घ्या, स्वतःची गिटार आणि दोन लीड घेऊन जा, नऊ व्होल्टची नवी बॅटरी खिशात ठेवा. अडॅप्टर लावणार असाल तर त्याच्या पिनचा मधला पोल निगेटिव्ह आहे का बघा. प्रत्येक बटण शून्यापासून शेवटपर्यंत फिरवा, खरखर ऐका. बटणं फिरवली तरी आवाज बदलत नसेल तर उठून या. फोनवरच्या व्हिडिओतला आवाज पुरावा नव्हे. आणि बजेट चारच हजार असेल तर दुकानातला छोटा नवा पेडल बिल घेऊन घ्या. गॅरेजमध्ये चार जणांबरोबर वाजवताना तो पुरेसा आहे. हे मला आता पटलंय, पण आता घ्यायला पैसे नाहीत.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, गाव पनवेल, किंमत ३,९००. फोटोत तोच निळा टॉवेल आहे, डिस्टच्या बटणाखाली नखाएवढा रंग उडालाय, आणि लीड डावीकडे लावलेली आहे.