ऑइल मिस्ट कलेक्टर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीत आमची दोन स्लायडिंग हेड मशीन (बारीक, लांब भाग कातणारी सीएनसी लेथ) आहेत. जॉब स्टेनलेस स्टीलचे, दोन्हींवर पाणी न मिसळलेलं (neat) कटिंग ऑइल. दार उघडलं की धुराचा लोट अंगावर यायचा, दुपारपर्यंत ट्यूबलाइटभोवती निळसर धुकं साचायचं. ऑपरेटर खोकत घरी जायचा, ते बघवत नव्हतं. दिवाळीनंतर एका मशीनवर तीन टप्प्यांचा मिस्ट कलेक्टर, म्हणजे तेलाचं धुकं ओढून गाळणारं यंत्र, बसवला: आधी स्टीलची जाळी, मग फायबरचं कार्ट्रिज, शेवटी हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर.

आठवड्यात फरक दिसला. पण महिनाभरातच हवा बाहेर पडते तिथून तेलाचे थेंब उडू लागले. ज्यांच्याकडून घेतला त्यांचा माणूस म्हणाला, हेपा बदला. माझं मन मानेना. कव्हर उघडलं तर तळाशी तेलाचं तळं! साचलेलं तेल बाहेर काढणारी ड्रेनची नळी सरळ खाली सोडलेली होती. आतून पंखा खेचतो, त्यामुळे नळीतून उलटी हवा वर येते आणि तेल खाली उतरतच नाही. नळीला यू आकाराचा बाक दिला, त्यात तेल भरून ठेवलं. आतली ओढ 150 मिमी उंच पाण्याच्या स्तंभाइतकी असेल, तर तेल हलकं म्हणून बाकात साधारण 175 मिमी उंची लागते. आम्ही 300 ठेवली. तेव्हापासून एक थेंब बाहेर नाही, आणि गाळून उतरलेलं तेल परत टाकीत जातं.

प्रेशर गेजशिवाय असलं यंत्र घेऊच नका. फिल्टर चोंदत गेला की त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो, तो गेज दाखवतो. हेपाचा काटा सुरुवातीला 30 मिमी पाण्यावर होता, आज 75 वर आहे. 100 ला बदलणार. जाळी दर शनिवारी धुतो. एकदा तीन आठवडे राहून गेली आणि कार्ट्रिज लवकर चोंदलं, ही चूक आमचीच.

हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, पण दार लगेच उघडलं तर धुकं फिल्टरपर्यंत पोचतच नाही. सायकल संपल्यावर दार 10 सेकंद बंद राहील असं प्रोग्रॅममध्ये घातलं. खर्च शून्य, आणि सगळ्यात मोठा फरक मला यानेच जाणवला. अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने 1998 मध्येच अशा तुषारांसाठी घनमीटरला 0.5 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. आमची हवा अजून मोजून घ्यायची आहे, नुसत्या नाकावर विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या मशीनलाही हाच घेतोय. यू बाक आणि गेज या वेळी कोटेशनमध्येच लिहून घेतलेत.