धरमपेठच्या वीकेंड इतिहास क्लासचा रिव्ह्यू

युरोपचा इतिहास म्हटलं की पोरं पळतात, पण इथं मध्ययुगातल्या पवित्र रोमन साम्राज्याच्या (मुख्यतः आजचा जर्मनी अन् आजूबाजूचा भाग) निवडून येणाऱ्या सम्राटांवरचं लेक्चर ऐकलं अन् भाऊ, लैच भारी वाटलं. सरांनी फळ्यावर सम्राट निवडणाऱ्या सात मतदारांच्या सात खुर्च्या काढल्या, माइन्झ, ट्रिअर, कलोनचे तीन आर्चबिशप (म्हणजे मोठे ख्रिस्ती धर्मगुरू) अन् बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलॅटिन, सॅक्सनी, ब्रांडेनबुर्ग असे चार सरदार, अन् प्रत्येक खुर्चीवर बोट ठेवून सांगितलं की कोणाचं मत कधी पडायचं, माइन्झवाल्याचं सगळ्यात शेवटी. हे सगळं 1356 च्या गोल्डन बुल नावाच्या शाही फर्मानात पक्कं झालं, सातातली चार मतं पुरे, निवडणूक फ्रँकफर्टला, अन् 30 दिवसांत निकाल नाही लागला तर मतदारांना फक्त ब्रेड न पाणी! 1257 मध्ये दोन-दोन राजे निवडले गेले होते ना, तसे घोळ थांबावे म्हणून हे नियम. 1438 पासून मात्र बहुतेक वेळा हॅब्सबर्ग घराण्यातलेच निवडून आले, म्हणजे मतदान राहिलं पण गादी घरातच. 1519 ला याच घराण्यातल्या पाचव्या चार्ल्सला निवडून आणायला फुगर नावाच्या सावकाराचा पैसा कसा फिरला हा भाग तर सरांनी जीव ओतून शिकवला. नोट्सची झेरॉक्स फिकट येते अन् मागच्या बाकावर पंखा पोहोचत नाही, तेवढं बघा. एमपीएससी-यूपीएससीवाल्यांनी नक्की जा.